हॅमर कोरल मिटून बसलंय? आधी अल्कलिनिटीचा रोजचा खर्च मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला राहणाऱ्या एका वाचकांकडे २०० लिटरचा समुद्री टँक आहे, सुरू करून पाच महिने झालेत. त्यात चार हेडचं, फांद्यांचं हॅमर कोरल आहे, म्हणजे हातोडीसारख्या टोकांच्या शुंडकांचं कठीण प्रवाळ; प्रत्येक फांदीच्या टोकाचं पॉलिप म्हणजे एक हेड. दोन महिने ते छान फुलत होतं. मग एकदा अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात) ६.८ डीकेएच आली, म्हणून त्यांनी एका संध्याकाळीच पावडर घालून ती १० वर नेली. आठवड्याभरात दोन हेडं मिटली आणि त्यातल्या एकाच्या कडेला पांढरा सांगाडा दिसायला लागला. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. दुकानदाराच्या सांगण्यावरून लाइट ६० टक्क्यांवरून ९० वर नेला, कोरलची जागाही दोनदा बदलली. आता लाइट आणखी वाढवू का, रोज खायला घालू का, निम्मं पाणी बदलू का, आणि कोरल बरं झालं तर पुण्यातल्या भावाच्या टँकसाठी एक तुकडा नेता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आज रात्री टँकमध्ये काहीही घालू नका. पावडर नको, अमिनो अ‍ॅसिडची बाटली नको, निम्मं पाणी बदलणं तर अजिबात नको. हातात एक टॉर्च घ्या आणि मिटलेली दोन हेडं नीट बघा. तुमचं पुढचं काम काय, ते त्या बघण्यावर ठरेल.

हॅमरच्या फांदीच्या टोकाला जो कप असतो त्यातून शुंडकं बाहेर येतात, हे सगळ्यांनाच दिसतं. पण कोरलची तब्येत कपाच्या बाहेरच्या बाजूला कळते. तिथे मांसाची एक पट्टी सांगाड्यावरून खाली उतरलेली असते. निरोगी हेडावर ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खालपर्यंत येते, तिची कड गोलसर आणि गुळगुळीत असते, रंग भरलेला असतो. कोरलला त्रास व्हायला लागला की शुंडकं मिटण्याच्या आधीच ही पट्टी वर सरकायला लागते. पुढे ती कपाच्या काठाशी येते, आणि कातडीखालून सांगाड्याच्या उभ्या पात्या उमटून दिसतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कातडी फाटून पांढरी पात उघडी पडणं. तुमच्या एका हेडावर ती आलेली आहे. दुसऱ्या हेडावर पट्टी कुठे आहे ते बघा आणि फोनने फोटो काढून ठेवा. रोज त्याच कोनातून, त्याच वेळी एक फोटो. आठवड्यानंतर हे फोटो कुठल्याही टेस्ट किटपेक्षा जास्त सांगतात.

पट्टी जागेवर असेल आणि शुंडकं नुसती आत ओढलेली असतील, तर कोरल रुसलंय, मेलेलं नाही. ते परत फुलतं. रंग उडून मांस पारदर्शक किंवा पांढरं झालं असेल, पण मांस शाबूत असेल, तर ते ब्लीच झालंय, म्हणजे पेशींतली सूक्ष्म शैवालं त्याने बाहेर टाकली आहेत. तेही वाचू शकतं, वेळ लागतो. अख्खं पॉलिप सांगाडा सोडून पाण्यात तरंगायला लागलं, तर तो बेलआउट. सुटलेलं पॉलिप क्वचितच तगतं.

मात्र एक गोष्ट दिसली तर थांबायचं नाही. हेडावर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर दिसला आणि त्याला सडका वास असला, तर ती ब्राउन जेली. त्यात जिवाणू असतात आणि मांस खाणारे सिलिएट नावाचे सूक्ष्मजीव असतात, आणि एका हेडावरून शेजारच्या हेडावर ती एका रात्रीत जाते. आधी सगळे पंप बंद करा, नाहीतर जेलीचे तुकडे टँकभर उडतील. हवेच्या पंपाला लावतात तसल्या बारीक नळीने जेली ओढून बाहेर काढा, मग कोरल अलगद उचलून टँकच्याच पाण्याच्या वेगळ्या बादलीत न्या. सडलेलं हेड तिथे कापून टाका. हाडं कापायची कात्री मिळते तिने किंवा छोट्या करवतीने, जिवंत हेडाच्या मांसापासून दोन-तीन सेंटिमीटर लांब, नुसत्या सांगाड्यावर कापायचं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. राहिलेल्या फांद्यांना कोरलसाठीच्या आयोडीन डिपमध्ये बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, स्वच्छ मिठाच्या पाण्यात खळबळा आणि मग परत टँकमध्ये. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

तुमचं कोरल फांद्यांचं आहे, हे इथे तुमचं नशीब. प्रत्येक हेड दुसऱ्यापासून सुटं असतं, एक गेलं तरी तीन राहतात. भिंतीसारखं सलग वाढणारं वॉल हॅमर असतं तर मांस एकच, आणि एका टोकाला लागलेली सड दुसऱ्या टोकापर्यंत जाते. नवशिक्यांनी वॉल हॅमर घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो, कितीही स्वस्त मिळालं तरी.

आता मूळ कारणाकडे येतो. लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले टँक सांभाळणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि मिटलेलं हॅमर दाखवायला मला बोलावलं जातं तेव्हा बहुतेक वेळा हीच हकीकत असते. एक आकडा कमी दिसला, तो एका संध्याकाळी वर नेला, आठवड्याने कोरल मिटलं.

६.८ हा आकडा मुळात घाबरण्यासारखा नव्हता. खऱ्या समुद्राची अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. तुमचं कोरल ६.८ मध्ये जगत होतं आणि फुलतही होतं. त्याला सोसलं नाही ते एका रात्रीत तीन अंशांनी चढणं. कोरल पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेतं आणि मांसाखाली अ‍ॅरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, थर रचत जातं. पेशींचं सगळं कामकाज भोवतालच्या पाण्याच्या रसायनाशी जुळवलेलं असतं. पाणी महिन्याभरात हळूहळू बदललं तर ते जुळवून घेतं. काही तासांत बदललं तर बांधकाम थांबतं आणि मांस आक्रसतं. लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात हॉर्निमन म्युझियम आहे. तिथल्या मत्स्यालयातल्या लोकांनी बंद टाक्यांमधल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांना अंडी-बीज सोडायला लावलं आणि २०१७ साली त्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी मूळ रीफवरचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, चंद्राचा उजेड हे सगळं टाकीत जसंच्या तसं उतरवलं. म्हणजे प्रवाळ बदलाला घाबरत नाही, तापमानातला संथ चढउतार तर ते कॅलेंडरसारखं वाचतं. तुमच्या पावडरने झालेला बदल मात्र त्याच्या कुठल्याच ऋतूत बसत नाही.

आता १० झालीच आहे तर ती ओढून खाली आणू नका. खाली आणण्यासाठी आम्ल घालायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. डोसिंग, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारं काही घालणं, पूर्ण बंद ठेवा. टँकमधली कोरलं, आणि दगडांवर जांभळट शैवाल चढलं असेल तर तेही, अल्कलिनिटी वापरत राहतील आणि आकडा आपोआप उतरेल. तो ८ च्या आसपास आला की तिथे धरून ठेवायचा. ७.५ ते ८.५ मधला कुठलाही एक आकडा निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. लोक ८ चांगलं की ९, यावर वाद घालतात. माझ्या मते कुठला आकडा याला फार महत्त्व नाही, तो रोज तोच असायला हवा.

हे उतरणं फुकट घालवू नका, कारण याच दिवसांत तुमच्या टँकचा रोजचा खर्च कळणार आहे. रोज एकाच वेळी, समजा संध्याकाळी सातला, एकाच किटने अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा. घरगुती किटमध्ये थोडीफार चूक असतेच, म्हणून दोन दिवसांच्या फरकावर जाऊ नका, चार दिवस मोजा. समजा १०, ९.८, ९.४, ९.१ असे आकडे आले. तीन दिवसांत ०.९ उतरली, म्हणजे दिवसाला ०.३ डीकेएच. हा तुमच्या टँकचा खर्च. यापुढे रोज तेवढंच परत द्यायचं.

किती द्यायचं याचा हिशोब घरी करता येतो. शुद्ध खायचा सोडा १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम घातला की अल्कलिनिटी सुमारे १ डीकेएचने वाढते. तुमचा टँक २०० लिटरचा असला तरी दगड आणि वाळू वजा केली की पाणी १८० लिटरच्या आसपास भरेल. त्यात ०.३ भरून काढायला साधारण १.६ ग्रॅम सोडा रोज लागेल. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात दुसरे पदार्थ असतात. वजन स्वयंपाकघरातल्या मोठ्या काट्यावर करू नका, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या प्रवाहापाशी सावकाश सोडायचा. कधी आकडा वर न्यायची वेळ आलीच, तर दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या पुढे जाऊ नका.

कॅल्शियमचं काय, असं तुम्ही विचाराल. कोरलच्या सांगाड्यात दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात जातात. १ डीकेएच अल्कलिनिटी खर्च झाली की त्याबरोबर कॅल्शियम फक्त सातेक पीपीएम (दशलक्षात सात भाग) खर्च होतं. तुमच्या टँकमध्ये कॅल्शियम ४२० असेल तर दिवसाला दोन पीपीएम गेलं, आठवड्याला पंधरा. तेवढा फरक घरगुती किटवर धड दिसतसुद्धा नाही. अल्कलिनिटी मात्र तेवढ्या काळात दोन अंशांनी घसरलेली असते. म्हणून रोज मोजायची ती अल्कलिनिटी, आठवड्याला एकदा कॅल्शियम, महिन्याला मॅग्नेशियम. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. मॅग्नेशियम फार घसरलं तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी पाण्यातच एकमेकांशी जुळून पांढरी भुकटी होतात, आणि कितीही घातलं तरी आकडे वर येत नाहीत. त्याच कारणाने कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकापाठोपाठ एकाच जागी कधी ओतू नका.

हा खर्च पुढे कायम लिहीत राहा, कारण त्यातून आजार आधी कळतो. डोस तोच चालू आहे, आणि तरी अल्कलिनिटी वर चढायला लागली, तर टँकमधल्या कोरलने बांधकाम थांबवलं असं समजा. शुंडकं अजून फुललेली असतील, रंगही छान असेल, पण काहीतरी बिघडलेलं आहे. अशा वेळी मी आधी डोस कमी करतो आणि मग कारण शोधतो: हीटर, मीठ, नवा मासा, एखाद्या पंपाला चढलेला गंज. आत्ताही तुमचं कोरल दुखावलेलं आहे, त्यामुळे आज मोजलेला खर्च कमी भरेल. ते सावरलं की खर्च वाढेल. तेव्हा परत चार दिवस मोजा.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला अल्कलिनिटीइतकीच खटकते: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तुम्ही ती अभिमानाने लिहिली आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण पाणी जितकं स्वच्छ तितकं चांगलं हे सगळीकडे सांगितलं जातं. रीफवरच्या समुद्रात विरघळलेली पोषकद्रव्यं कमी असतात हे खरं, पण तिथे चोवीस तास प्लवकांनी भरलेलं पाणी कोरलवरून वाहत असतं. आपल्या काचेच्या पेटीत तो पुरवठा नाही. पेशींतल्या शैवालांना नत्र आणि स्फुरद मिळालं नाही तर ती क्षीण होतात, आणि त्यांच्यावर जगणारं कोरलही. त्यात भर म्हणजे अल्कलिनिटी चढवली की कोरलला जास्त वेगाने बांधायला लावलं जातं आणि त्या बांधकामाला लागणारं अन्न मात्र पाण्यात नसतं. जास्त अल्कलिनिटी आणि शून्य पोषण या जोडीने मांस सांगाड्यावरून मागे हटताना मी इतक्या टँकमध्ये पाहिलंय, की दोन्ही एकत्र दिसले की मी बाकी काही विचारायच्या आधी हेच बदलायला लावतो. शिवाय दोन्ही शून्य असलेल्या नव्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव माजतात, वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर येतो, आणि तो घालवणं फार जिकिरीचं असतं.

नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास आणा. फॉस्फेट शोषणारी लाल दाणेदार फिल्टर मीडिया लावली असेल तर काढून टाका. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, रात्रीच चालवा. माशांना एकदा घालत असाल तर दोनदा घाला, थोडं थोडं. दोन-तीन आठवड्यांत आकडे वर येतील. तुम्ही कोरडे दगड वापरले असतील तर सुरुवातीला फॉस्फेट त्यांच्यातच मुरतं, म्हणून धीर धरा आणि ते आकडेही आठवड्याला मोजत राहा.

लाइट आजच परत ६० वर आणा. मिटलेल्या कोरलला जास्त उजेड म्हणजे आजारी माणसाला भर उन्हात बसवणं. हॅमरला ८० ते १५० पार पुरतो; पार म्हणजे कोरलमधल्या शैवालांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप. ३०० पारची गरज अ‍ॅक्रोपोराला असते, दुकानातला सल्ला बहुधा तिथून आला असावा. पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, काही दुकानं तो भाड्याने देतात. एकदा मोजून कागदावर टँकचा नकाशा करून ठेवा. यापुढे लाइट वाढवायचा असेल तर आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त नको.

जागा आता बदलू नका. आत्ता जिथे आहे तिथे प्रवाह कसा आहे एवढंच बघा. शुंडकं सगळीकडे सावकाश डुलायला हवीत. एकाच बाजूला आडवी पडून राहत असतील तर पंपाचं तोंड दुसरीकडे वळवा, कोरल हलवू नका. क्लाउनफिश त्यात जाऊन लोळत असेल, तर कोरल सावरेपर्यंत मधे प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला. आणि शेजारी टॉर्च कोरल असेल तर दोघांत किमान पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवा. रात्री लाइट गेल्यावर त्याची लांब शुंडकं बाहेर येतात आणि शेजाऱ्याला भाजून काढतात. हॅमर आणि त्याचं नातलग फ्रॉगस्पॉन कोरल एकमेकांना सहसा चालतात, टॉर्च दोघांनाही चालत नाही.

खायला घालायचं, तर मिटलेल्या हेडांच्या तोंडात काही कोंबू नका. ते पचत नाही, तिथेच सडतं आणि ब्राउन जेलीला आमंत्रण मिळतं. जी दोन हेडं फुललेली आहेत त्यांना आठवड्यातून एकदा बारीक केलेला एखादा मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) द्या, तेही पंप बंद करून. हॅमर मुख्यतः उजेडावरच जगतं.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो: नळाचं वापरता का? तुमच्याकडचं पाणी लंडनमधल्या आमच्या हॅरोसारखंच जड आहे, केटलमध्ये चुन्याचे थर जमतात. त्यात कॅल्शियम आहेच तर कोरलला चांगलंच, असं काही जण समजतात. पण त्या पाण्यात नायट्रेट असतं, सिलिकेट असतं, नळाच्या पाइपांतलं तांबं असतं, आणि इंग्लंडमध्ये बहुतेक भागांत जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून पाणी कंपन्या मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. उडालेलं पाणी भरायचं तेही हेच, मिठाचं नाही, कारण वाफ होताना मीठ मागेच राहतं.

आणि मिठाच्या बादलीकडेही जरा बघा. रीफसाठीचे काही मीठ-मिश्रण ११-१२ डीकेएचचं पाणी तयार करतात. तुमचा टँक ८ वर असेल आणि तुम्ही १२ चं पाणी निम्मं बदललं, तर अल्कलिनिटी एका तासात १० होते. म्हणजे जे पावडरने झालं तेच पाणी बदलून होईल. ताजं पाणी कालवलं की त्याची अल्कलिनिटी, क्षारता आणि तापमान मोजा. टँकच्या आकड्याजवळ येणारं मीठ निवडा, आणि आठवड्याला १० टक्के, म्हणजे १८ लिटर बदला. त्याहून जास्त लागत नाही. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. तापमान २५ ते २६.

पुढे कोरलं वाढली आणि खर्च वाढला, की सोड्याऐवजी चुन्याच्या निवळीकडे वळावं असं मी सुचवेन. दुकानात ती काल्कवासर या जर्मन नावाने मिळते. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकाच वेळी, कोरलला लागतं त्याच प्रमाणात मिळतं, हा तिचा मोठा गुण. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, राहिलेला गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडायची. शाळेत नळीने फुंकर मारून ही निवळी दुधाळ केलेली आठवत असेल. हवेतला कार्बन डायऑक्साइडही तेच करतो, म्हणून भांडं झाकलेलं हवं, नाहीतर सगळा चुना तळाशी जातो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. एकदम भडाभडा पडली तर टँक मरतो, त्यामुळे मोजून थेंब सोडणारा पंप असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. पानाला लावायचा चुनाही नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्याला कळत नाही.

रात्रीच्या निवळीचा एक फायदा इथल्या थंडीत होतो. खिडक्या बंद, घरात चार माणसं, गॅसवर स्वयंपाक, मग घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच ७.८ पर्यंत उतरतो. पीएच वाढवायच्या बाटल्या घेऊ नका, त्या अल्कलिनिटीच वाढवतात. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली तरी बराच फरक पडतो. उन्हाळ्याचीही तयारी आत्ताच करा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली, आणि इथल्या घरांत एसी नसतो. त्या आठवड्यात ज्या टँकवर साधा टेबलफॅन पाण्यावर वारा घालत होता, ते तगले. पाणी भरपूर उडतं, तेवढं आरओचं पाणी हाताशी ठेवा.

टँकमध्ये माशांना पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टँकमध्ये घालू नका. मासे वेगळ्या टाकीत न्या आणि तिथे औषध द्या. तांबं कोरलला मारतं आणि दगडांत मुरून बसतं.

आता भावाबद्दल. तुकडा नेऊ नका. भारतात सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मेलेला पांढरा सांगाडाही त्यात येतो, किनाऱ्यावरून उचललेला असला तरी. शिवाय जगभरातली कठीण प्रवाळं साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय ती सीमेपलीकडे नेता येत नाहीत. भारतात एखाद्या दुकानात हॅमर विकायला दिसलं, तरी दुकानात आहे म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, हेही भावाला सांगा. इथे घेतानाही कोरल कायदेशीर आयातीचं आहे की टँकमध्ये वाढवलेला तुकडा आहे, हे विचारून घ्या. टँकमध्ये वाढवलेला मिळत असेल तर तोच घ्यावा. तो काचेतल्या पाण्याला रुळलेला असतो, आणि रीफवरून काही तोडावं लागत नाही. रीफची आजची अवस्था बघता मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या प्रवाळ-ब्लीचिंगची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी लक्षद्वीपचीही प्रवाळं पांढरी पडली.

भावाला प्रवाळ बघायचंच असेल तर पुण्याहून मालवण एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पावसाळा संपून समुद्र निवळला की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुखवटा लावून पाण्यात उतरता येतं. आपल्या किनाऱ्यापुढे, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथे पाण्याखाली प्रवाळांचं मोठं पठार आहे. मालवणला उतरला की त्याला एकच सांगा: पाय खाली टेकवायचे नाहीत. दगड वाटतो त्यातलं बरंचसं जिवंत असतं, आणि एका पावलाने मोडलेली फांदी परत तेवढी व्हायला वर्षं जातात.

पुढच्या रविवारी मला कळवा: अल्कलिनिटीचे सात दिवसांचे आकडे, नायट्रेट आणि फॉस्फेटचा एकेक आकडा, ताज्या कालवलेल्या पाण्याची अल्कलिनिटी, आणि पहिल्या व सातव्या दिवसाचे त्याच कोनातले फोटो. सांगाडा उघडा पडलेल्या हेडाची पट्टी आणखी वर सरकली असेल तर ते कापायचं की ठेवायचं, ते फोटो बघून सांगतो. तोवर नवं कोरल घेऊ नका. अल्कलिनिटी सलग महिनाभर अर्ध्या अंशाच्या आत राहिली की मग घ्या. आणि ते आल्या आल्या टँकमध्ये सोडू नका. आधी डिपमध्ये बुडवून बाटलीच्या तळाशी काय पडतं ते बघा. हॅमर खाणारे चपटे किडे मांसाच्याच रंगाचे असतात, कोरलवर असताना ते दिसत नाहीत, बाटलीत गळून पडल्यावरच दिसतात. त्यांची अंडी डिपने मरत नाहीत, म्हणून कोरल बसवलेला प्लास्टिकचा प्लग फेकून द्या आणि फांदीच्या बुडाशी अंड्यांचे चिकट गोल ठिपके असतील तर ब्लेडने खरवडून काढा.